सिंगापूर ते जकार्ता : अंतर एक, घड्याळं दोन

चांगीपासून जकार्ताचा सुकर्णो-हत्ता विमानतळ हवाई मार्गाने सुमारे ८८० किलोमीटर, म्हणजे मुंबई-बेंगळुरूपेक्षा थोडाच लांब. पण तिकीट पाहून गोंधळायला होतं. १० वाजता निघालात तर जकार्ताला १०:५०ला पोचता. परतताना १०ला निघालात, तर चांगीला १२:५०! विमान काही रमतगमत येत नाही. जकार्ताचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे, आणि तिकिटावर वेळ त्या-त्या गावची. प्रवास दोन्ही बाजूंनी पावणेदोन-दोन तासांचाच. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, बाबांचं मनगटी घड्याळ बदलत नाही. चांगीहून त्यांना पुढे मुंबईचं विमान पकडायचं असेल, तर जकार्ताहून निघतानाच काटे एक तास पुढे करायला सांगा.