हवेत ऑक्सिजन, बाटला मात्र रिकामा

लोखंडाची जाड प्लेट गॅसने कापताना पाहिली, की वाटते ज्योतीने लोखंड वितळते आहे. खरे तर ज्योतीचे काम लोखंड लाल करण्यापुरते. तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअस झाले, की कारागीर टॉर्चची तरफ दाबून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडतो. त्या झोतात लोखंड चक्क जळते! तयार झालेले ऑक्साइड झोताबरोबर खाली उडते आणि फट पुढे सरकते. ऑक्सिजनच्या वायुपात्रात लोखंडाची तार जळताना आपण वर्गात दाखवतो, तीच ही क्रिया. तेव्हा ऑक्सिजन नसेल तर ॲसिटिलीन किंवा एलपीजी असून उपयोग नाही.

एप्रिल २०२१ मध्ये नेमके हेच घडले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांची गरज एकाएकी वाढली. केंद्र सरकारने २२ एप्रिलपासून नऊ प्रकारचे उद्योग वगळून बाकीच्यांचा ऑक्सिजन थांबवला. सवलत पोलाद, औषधे, तेलशुद्धीकरण यांसारख्या उद्योगांना होती. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनवाल्याला नव्हती. निर्णय बरोबरच होता, असे आम्हालाही वाटते. पण त्याचा भार कोणावर पडला, तेही पाहायला हवे.

हवेत २१ टक्के ऑक्सिजन असताना टंचाई कशी? हवा थंड करून द्रवरूप करतात आणि तिचे ऊर्ध्वपातन करतात. नायट्रोजन उणे १९६, अरगॉन उणे १८६ आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो, म्हणून ते वेगळे करता येतात. असे मोठे संयंत्र बहुधा पोलाद कारखान्याशेजारी असते आणि आपल्याकडे असे बरेच कारखाने पूर्व भारतात आहेत. तिथून द्रव ऑक्सिजन आणायला दुहेरी भिंतीचे, थर्मासासारखे टँकर लागतात. दुधाच्या टँकरने ते काम होत नाही. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला धाडावे लागले. अडले होते ते वाहतुकीत.

मग नायट्रोजन आणि अरगॉनचे टँकर ऑक्सिजनसाठी वळवले गेले. पण स्टेनलेस स्टीलच्या टिग वेल्डिंगला अरगॉनच लागतो. एक टंचाई भागवताना शेजारी दुसरी उभी राहते, ती अशी.

आता वर्कशॉपात या. विजेच्या वेल्डिंगला ऑक्सिजन लागत नाही, तरी वेल्डर बसून राहतो, कारण जोडायला कापलेली प्लेटच नाही. त्याच्यामागे ग्राइंडरवाला, रंगारी, टेम्पोवाला. ज्याच्याकडे प्लाझ्मा कटर आहे त्याचे दाबलेल्या हवेवर आणि विजेवर भागते, पण ते यंत्र महाग आणि फार जाड प्लेटला पुरे पडत नाही. मालकाची ऑर्डर लांबते. रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस मात्र बुडतो तो बुडतोच.

शिवाय कटरचा हात. टॉर्च घाईने सरकवली तर काप आरपार जात नाही, रेंगाळली तर कडा वितळून ओबडधोबड होतात. योग्य वेग ठिणग्यांच्या दिशेवरून आणि आवाजावरून ओळखायचा असतो. हेल्परला हे जमायला बराच काळ शेजारी उभे राहावे लागते. ऑक्सिजन पुन्हा मिळू लागला तरी गावी जाऊन दुसऱ्या कामाला लागलेला कटर परत येईलच असे नाही.

आठवी-नववीच्या मुलांना जवळच्या वर्कशॉपात जरूर न्या. बाटला कुठून भरून येतो, तिथे तो कुठून येतो, हे विचारत मागे मागे जाऊ द्या. नकाशावर रेघ काढायला सांगा. ती किती लांब जाते ते आम्हाला कळवा.