दाढ छान निघाली, पण काढायला हवी होती का?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाला दाढेतलं काय कळतं, असं काहींना वाटत असेल. फारसं कळत नाही. पण एखादी गोष्ट 'चांगली झाली' हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो, हा प्रश्न मात्र आमच्याच विषयातला.

वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा तपासावा, यासाठी अव्हेडिस डोनाबेडियन यांनी 1966 साली तीन बाजू सांगितल्या: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेत आपली नजर पटकन परिणामाकडे जाते. त्यातही तुम्ही केव्हा विचारता, याला महत्त्व आहे. दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली की हाड उघडं पडतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. ते दुखणं साधारण दोन-चार दिवसांनी सुरू होतं. दुसऱ्याच दिवशी फोन केलात तर पेशंट 'बरं आहे' म्हणणार आणि वहीत सगळं छान दिसणार. तीच गोष्ट बधिरपणाची. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिला धक्का बसला तर बधिरपणा बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत जातो, क्वचित कायमचा राहतो. टाके काढायच्या दिवशी या दोहोंतला फरक कळत नाही.

आता खरी अडचण. समजा दाढ सफाईने निघाली, सूज उतरली, बधिरपणा नाही. पैकीच्या पैकी गुण! पण ती कधी दुखलीच नव्हती, नुसती एक्स-रेत आडवी दिसली म्हणून काढली असेल तर? परिणाम निर्दोष, निर्णय सदोष. (आमचा कांट इथे खूश झाला असता, ते असो.) ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने 2000 साली सांगितलं, की कोणताही आजार नसलेल्या, अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढणं बंद करा. हिरडी पहिल्यांदाच सुजली असेल आणि त्रास फार तीव्र नसेल, तर तेवढ्यावरूनही काढू नका. म्हणजे तपासणीचा पहिला प्रश्न भूल देण्याआधीचा झाला: केसपेपरवर कारण काय लिहिलंय?

अर्थात नियमही तपासावा लागतोच. पुढच्या वर्षांत तिथे दाढ काढून घेणाऱ्यांचं वय वाढलं, आणि तिरक्या अक्कलदाढेमुळे शेजारच्या दाढेला मागच्या बाजूने कीड लागल्याची उदाहरणं जास्त दिसू लागली. ही हानी शस्त्रक्रियेच्या नोंदवहीत येणार कशी? शस्त्रक्रिया झालीच नव्हती ना! म्हणून मी म्हणतो, 'आत्ता काढू नका' असं सांगून ज्यांना घरी पाठवलं, त्यांचीही यादी ठेवा. ठरावीक काळाने त्यांना परत बोलवा, आणि अक्कलदाढेइतकीच तिच्या शेजारची दाढही बघा.