४५ अंशांची पोरगी आणि समुद्रातली हुडहुडी

मी असोद्याची. म्हणजे बहिणाबाईंच्या माहेरची आणि भरताच्या वांग्यांची. ओळख करून देताना आमच्या गावची माणसं या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जातच नाहीत, मी तरी का सोडू? तिसरी गोष्ट म्हणजे ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला तरी कुणी दचकत नाही. त्यामुळे गेल्या जानेवारीत कॉलेजच्या पाच जणींचा मालवणला स्कूबा करायचा बेत ठरला, तेव्हा थंडी वाजेल हा विचार माझ्या स्वप्नातही नव्हता. निघताना आजीला सांगितलं, पाण्यात उतरताना एक रबरी सूट घालावा लागतो, अंग गरम राहावं म्हणून. ती हसतच सुटली. ‘अवं माय, पान्यात उतराले बी सोटर लागते का?’

लागतो. ते मला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात, जेमतेम २०-२५ फुटांवर कळलं.

झालं असं, की बोटीवर सुटांचा एक ओला ढीग होता. ‘हा घाला, हा होईल तुम्हाला,’ म्हणत एकाने माझ्या हातात एक सूट दिला. तो माझ्यापेक्षा चांगला दोन मापांनी मोठा होता. कमरेपाशी फुगा, काखेत पोकळी. मला मात्र बरंच वाटलं. घट्ट कपड्यात बोटीवर सगळ्यांसमोर उभं राहायचं म्हणजे आधीच अवघडल्यासारखं झालेलं, त्यात सैल मिळाला म्हणून मी मनातल्या मनात आभारच मानले. तुमच्यापैकी किती जणींनी हेच केलं असतं, सांगा बरं?

पहिली पाच मिनिटं मस्त गेली. पिवळे-काळे पट्टे असलेले मासे अगदी काचेला नाक लावून बघत होते. मग हात हलवला की गळ्यातून गार पाण्याची एक लाट आत शिरायची, पाठीवरून खाली जायची आणि पायातून निघून जायची. पुन्हा हात हलवला, पुन्हा लाट. दहाव्या मिनिटाला दात वाजायला लागले, आणि तोंडात श्वास घ्यायची नळी धरलेली असताना दात वाजणं म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. सोबतच्या प्रशिक्षकाने बोटांचं वर्तुळ करून विचारलं, ठीक आहे ना? मी पण वर्तुळ केलं. ठीक आहे.

ठीक नव्हतं. पण पैसे भरलेले, मैत्रिणी मजेत, व्हिडिओ चालू. आपल्यामुळे सगळ्यांना वर यावं लागलं तर? हा लेख खरं तर त्या एका खोट्या वर्तुळामुळे लिहिते आहे.

आता जरा विज्ञान. तिथलं पाणी हिवाळ्यातही २७-२८ अंशांच्या आसपास असतं. एवढ्या तापमानाच्या खोलीत आपण पंखा लावून बसतो. मग पाण्यात का कुडकुडतो? कारण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. आपलं शरीर आतून ३७ अंशांवर, त्वचा ३३ च्या घरात. म्हणजे ‘कोमट’ समुद्रसुद्धा प्रत्येक मिनिटाला आपल्याकडून काहीतरी वसूल करतच असतो. थंडी वाजली की श्वास वाढतो, श्वास वाढला की टाकीतली हवा लवकर संपते, आणि बोटं बधिर झाली की साधा बकलही नीट निघत नाही. खोल पाण्यात या तीन गोष्टी एकत्र आल्या तर ती नुसती गैरसोय राहत नाही.

आमच्याकडे हे विहिरीत पोहणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत आहे, फक्त त्याला कुणी विज्ञान म्हणत नाही. उन्हाळ्यात वरचं हातभर पाणी कोमट, आणि सूर मारून खाली गेलं की एकदम बर्फ. समुद्रातही असे थर असतात. शिवाय पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालचं गार पाणी वर सरकतं. तसं तेव्हा कोकणात मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत हे सगळं बंदच असतं.

सूट नेमकं काय करतो, याबद्दल माझाही गैरसमज होता. सगळे सांगतात की सुटात शिरलेलं पाणी अंगाने तापतं आणि तेच आपल्याला ऊब देतं. अर्धंच खरं आहे ते. सूट बनतो निओप्रीनचा, म्हणजे कृत्रिम रबराचा. हे रबर १९३० साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत तयार झालं. सुटासाठी ते फेसाळून घेतात, त्यामुळे त्यात वायूचे लाखो बारीक बुडबुडे अडकतात. ऊब राखतात ते हे बुडबुडे. बर्कलीमधला ह्यू ब्रॅडनर नावाचा भौतिकशास्त्रज्ञ १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला याच निष्कर्षावर आला होता की माणूस ओला झाला तरी चालेल, कपड्यात वायू अडकलेला असला म्हणजे झालं. आत शिरलेल्या पाण्याचं काम एकच, जिथे आहे तिथे गप्प बसणं. माझ्या सैल सुटात ते गप्प बसत नव्हतं. दर वेळी नवं पाणी, दर वेळी नवी उष्णता खर्च.

म्हणून सूट निवडताना पहिला प्रश्न जाडीचा नाही, मापाचा आहे. जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. मालवण किंवा गोव्यासाठी हिवाळ्यात ३ मिमीचा पूर्ण बाह्यांचा सूट बहुतेकांना पुरतो. रोज दोन-तीन डाइव्ह करणार असाल किंवा माझ्यासारख्या काटकुळ्या असाल, तर ५ मिमीचा विचार करा. ७ मिमी थंड देशांतल्या पाण्यासाठी, आपल्याकडे त्यात उकडून निघाल. अर्ध्या बाह्यांचा आखूड सूट फोटोत छान दिसतो, पण खडकांवरची कालवं कोपर-गुडघे सोलून काढतात आणि जेलीफिशला फोटोशी काही देणंघेणं नसतं. पूर्णच घ्या.

माप बघताना लाजू नका. बोटीवर नाही, किनाऱ्यावरच घालून बघा. कोरड्यात थोडा घट्ट वाटायलाच हवा, पाण्यात तो सैलावतो. कमरेच्या खळग्यात, काखेत, गुडघ्यामागे पोकळी राहिली तर परत करा. दोन्ही हात वर करा, उकिडवं बसा, छाती भरून श्वास घ्या. श्वास अडला तर तोही परत. आणि गळा नीट तपासा. आमच्यातली एक जण ‘घट्ट म्हणजे चांगला’ असं ऐकून आवळ सुटात उतरली आणि बोटीवर परत येईपर्यंत तिला गरगरायला लागलं. मानेच्या बाजूला रक्तदाबाची खबर मेंदूला देणारी जागा असते. तिथे सतत दाब पडला तर हृदयाचे ठोके मंदावतात, चक्कर येते. कॉलर अंगाला चिकटलेली हवी, गळा धरलेली नको. घेरीचं दुसरंही कारण असू शकतं: सूट घालून भर उन्हात बोटीवर बसणं. ऊन लागणं म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पाण्यात उतरायच्या जरा आधी चेन लावा, तोवर सूट कमरेपर्यंतच ठेवा.

भाड्याचा सूट असेल तर आत स्वतःची लायक्राची पूर्ण बाह्यांची अंगी घाला. घालायला सोपं जातं आणि (कसं सांगू?) पाण्यात थंडी वाजली की सुटातच मोकळं व्हायचं, हा जगभरच्या डायव्हर लोकांचा जुना उद्योग आहे. बाकी तुम्ही समजून घ्या. पाय आत जात नसेल तर पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवा, सर्रकन जातो. मुलींनो, मुलांचा ‘स्मॉल’ म्हणजे आपला सूट नव्हे. छाती-कमरेचं गणितच वेगळं असतं. बायकांचं माप आहे का, हे फोनवर आधीच विचारा.

विकत घ्यायचा का? एकदाच जाऊन यायचं असेल तर मुळीच नको. साध्या सुटालाही काही हजार लागतात, त्यापेक्षा ते कोर्सला ठेवा. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे किंवा दुसरीकडे ‘ओपन वॉटर’ कोर्स केला की १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्या खोलीवर सुटाचं आणखी एक गुपित उघडं पडतं. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपून निम्मे होतात, म्हणजे वर जाडजूड वाटणारा सूट खाली पातळ आणि गार. वर तोच सूट तुम्हाला बुडू देत नाही, म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधतात. सूट बदलला की वजनाचं गणित बदलतं, हे प्रशिक्षकाला आठवणीने सांगायचं.

आणि खुणा. अंगठा वर म्हणजे ‘झकास’ नव्हे, ‘वर चला’. थंडी वाजत असेल तर दोन्ही हातांची घडी घालून दंड चोळायचे. ही खूण मला बोटीवर दाखवली होती. मी वापरली नाही.

मी कोर्स करायचं ठरवलंय. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका सीनियरचा ३ मिमीचा सूट दोन दिवस मागून आणला आणि काका-भाऊ काठावर उभे असताना आमच्या मळ्यातल्या विहिरीत उतरले. माप बरोबर होतं. पाठीवरून लाट गेली नाही. पण खाली जाताच येईना! कितीही पाय मारा, बुचासारखी वरच. लहानपणी पोहायला शिकवताना काकांनी माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला होता, अगदी तस्सं. आजी काठावरून वाकून बघत होती.

‘अवं, हा तं भोपयाच झाला!’