घराजवळची सरकारी शाळा कशी पारखावी?

धारवाडच्या रेल्वे स्टेशनलगतचा मळमड्डी हा भाग जुन्या मध्यमवर्गीय वस्तीचा असून तेथील अनेक घरांत मराठी बोलली जाते, उंबरठ्याबाहेर कन्नड सुरू होते आणि मुलांच्या भवितव्याची चर्चा निघाली की इंग्रजीचा विषय आल्यावाचून राहत नाही. मूल सहा वर्षांचे होत आले की त्याला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यामुळे येथे माध्यमाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. बहुतेक कुटुंबांत त्याचे उत्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यावरून आणि दारात येणाऱ्या स्कूल व्हॅनवरून ठरते, आणि चालत जाण्याच्या अंतरावर असलेली सरकारी प्राथमिक शाळा एकदाही आत जाऊन न पाहता बाद केली जाते. ती शाळा प्रत्येक मुलाला योग्यच असेल असे नाही. परंतु तिला नाकारायचे असले तरी ते पाहून, तपासून नाकारावे, एवढी खबरदारी मुलाच्या हितासाठी आवश्यक आहे.

कर्नाटकात सरकारी प्राथमिक शाळा दोन प्रकारच्या असतात. पहिली ते पाचवीपर्यंतची ती कनिष्ठ प्राथमिक आणि सातवी किंवा आठवीपर्यंत जाणारी ती वरिष्ठ प्राथमिक शाळा होय. यांच्याखेरीज खासगी संस्थेने चालवलेल्या, पण शिक्षकांचे पगार सरकारकडून मिळणाऱ्या अनुदानित शाळा आणि संपूर्णपणे फीवर चालणाऱ्या विनाअनुदानित शाळा आहेत. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला असून कर्नाटकाच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, अशी अपेक्षा आहे. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा आईवडिलांची मुलाखत घेण्यास या कायद्याने बंदी घातली आहे, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

शाळेची पहिली ओळख कागदावरून करून घेता येते. देशातील प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला यूडायस या सरकारी माहितीसंग्रहात अकरा अंकी क्रमांक दिलेला असतो आणि त्या शाळेचा पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे व पिण्याचे पाणी यांची नोंद कोणालाही संकेतस्थळावर पाहता येते. हे आकडे उपयोगी असले तरी ते वाचण्याची रीत ठाऊक असावी लागते. कायद्यानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि पुढे साधारणपणे तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. परंतु ज्या शाळेत अवघी चोवीस मुले आणि दोन शिक्षक आहेत, तेथे बारा मुलांमागे एक शिक्षक हे आकर्षक प्रमाण दिसत असले तरी प्रत्यक्षात प्रत्येक शिक्षक एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळत असतो. म्हणून पालकांनी सरासरीवर न थांबता किती शिक्षक किती इयत्तांना शिकवतात, त्यांच्यापैकी कायम किती व अतिथी शिक्षक किती, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत बदल्या किती झाल्या, हे मुख्याध्यापकांना थेट विचारावे.

दुसरी आणि अधिक मोलाची ओळख वर्गात बसल्यावर होते. कर्नाटकातील सरकारी कन्नड शाळांत पहिली ते तिसरीसाठी नली-कली ही पद्धत आहे, म्हणजे खेळत, आनंदाने शिकणे. आंध्र प्रदेशातील ऋषिव्हॅलीच्या प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात ती सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. या वर्गात तीन इयत्तांची मुले एकत्र, जमिनीवर गोल करून बसलेली असतात. भिंतीवर शिकण्याच्या पायऱ्या दाखवणारी शिडी लावलेली असते, प्रत्येक मूल आपल्या पायरीचे कार्ड घेऊन ते सांगेल त्या गटात जाते, काही गटांना शिक्षिका स्वतः शिकवतात, काहींत मुले एकमेकांना मदत करतात आणि काहींत ती एकेकटी सराव करतात. रांगेतल्या बाकांची सवय असलेल्या पालकाला हा गोंधळ वाटू शकतो, पण गलबला हा या पद्धतीचा दोष नव्हे. पाहायचे ते असे की शिडी आणि कार्डे रोज वापरात आहेत की नुसती भिंतीवर व कपाटात आहेत, एखादे मूल अर्धा तास हातावर हात ठेवून बसले आहे का, आणि कोणते मूल कोणत्या पायरीवर आहे हे शिक्षिकेला वही न उघडता सांगता येते का.

तिसरी कसोटी मुलांना काय येते ही होय. 2005 पासून प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या असर या ग्रामीण पाहणीत अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चढत्या क्रमाने मुलांचे वाचन तपासले जाते, तर गणितात हातच्याची वजाबाकी आणि साधा भागाकार दिला जातो. शहरातील पालकांनाही ही रीत सहज वापरता येते. शेजारच्या तिसरी-चौथीतील मुलाला त्याने पूर्वी न पाहिलेली छोटी गोष्ट वाचायला देऊन ती आपल्या शब्दांत सांगायला लावावी. ते त्याला जमले, तर त्या शाळेचा पाया मजबूत आहे असे समजायला आधार मिळतो. खासगी शाळेलाही हीच कसोटी लावावी, कारण इंग्रजी धडा घडाघडा म्हणून दाखवणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ कळला आहे, असे गृहीत धरता येत नाही.

माध्यमाचा प्रश्न मराठी घरांसाठी नाजूक आहे. धारवाड 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते आणि एकोणिसाव्या शतकात या भागातील सरकारी शाळांवर मराठीचा पगडा होता. डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या खटपटीने येथे कन्नड शाळा रुजल्या. आज कर्नाटक सरकार मराठीतही पाठ्यपुस्तके छापते, पण मराठी माध्यमाच्या शाळा मुख्यतः बेळगाव जिल्ह्यात आणि सीमेलगतच्या तालुक्यांत आहेत. त्यामुळे मळमड्डीतील मुलापुढे बहुधा कन्नड की इंग्रजी हाच पर्याय उरतो. माध्यम निवडण्याचा पालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2014 मध्ये मान्य केला आहे. मात्र 2015 च्या राज्य कायद्याने प्रत्येक शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक केल्यामुळे इंग्रजी शाळेत घालूनही कन्नड टळत नाही. उलट सरकारी शाळेत 2007 पासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे आणि 2019 पासून काही शाळांत इंग्रजी माध्यमाच्या तुकड्याही निघाल्या आहेत. गल्लीत खेळताना कानावर पडलेली भाषा मुलाला वाचायला शिकण्यासाठी अनोळखी भाषेपेक्षा जवळची असते, हे ध्यानात घेतले तर मराठी मुलासाठी कन्नड शाळा परकी ठरत नाही. मराठी वाचन-लेखनाची जबाबदारी मात्र दोन्ही पर्यायांत घरालाच उचलावी लागते, आणि रोज संध्याकाळी अर्धा तास गोष्टीच्या पुस्तकासाठी राखून ठेवला तर ती पेलता येते.

खासगी शाळेत शिक्षण आपोआप चांगले मिळते, या समजुतीची नीट परीक्षा 2008 ते 2012 या काळात तत्कालीन आंध्र प्रदेशातील 180 गावांत झाली. तेथे चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेचा खर्च देण्यात आला. चार वर्षांनी तेलुगू व गणितात ती मुले सरकारी शाळेतील मुलांपेक्षा पुढे गेलेली नव्हती, हिंदीत मात्र पुढे होती. त्याचबरोबर खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. सरकारी पैशाचा सदुपयोग होत नाही आणि खासगी फीचे पूर्ण फळ मिळत नाही, हे दोन्ही निष्कर्ष पालकांनी सारख्याच गांभीर्याने घेतले पाहिजेत.

दुपारचे जेवण, 2013 पासून मिळणारे दूध, पुस्तके आणि गणवेश या सोयी सरकारी शाळेत असतातच. पाहायचे ते जेवणाची वेळ व स्वच्छता, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि आतून कडी आहे का, आणि धारवाडच्या जून-जुलैच्या पावसात छप्पर गळते का. म्हणून शाळेची एक फेरी उन्हाळ्यात आणि दुसरी भर पावसात मारणे शहाणपणाचे ठरते.

शेवटची पाहणी एसडीएमसीची, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार अशा समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तिच्या बैठका वेळेवर होतात का आणि मागील बैठकीत ठरलेले काम झाले का, यावरून शाळा कोणाच्या जिवावर चालली आहे हे कळते. सुशिक्षित कुटुंबांनी घराजवळच्या सरकारी शाळेकडे पाठ फिरवली की या समितीतील प्रश्न विचारणारे आवाज कमी होतात, शाळा खालावते आणि उरलेल्या मुलांचे नुकसान होते. म्हणून येत्या जूनपूर्वी मळमड्डीतील प्रत्येक पालकाने घराजवळच्या सरकारी शाळेत एक सकाळ घालवावी, तिसरीच्या मुलाचे वाचन ऐकावे, मुख्याध्यापकांशी बोलावे आणि मगच निर्णय घ्यावा. शाळा कसोटीस उतरली, तर केवळ लोक काय म्हणतील या भीतीपोटी तिला नाकारू नये.