माशांचे औषध : अंदाज नको, माप हवे

मुलांच्या हट्टाने हल्ली आपल्या अनेक घरांत माशांची काचेची टाकी येते. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले की दुकानातून औषध आणले जाते आणि अंदाजाने थेंब टाकले जातात. मासे मेले की आपण रोगाला दोष देतो. पुष्कळदा दोष मापाचा असतो.

हे औषध पाण्यात मिसळायचे असते, म्हणून आधी पाणी मोजावे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा आणि १००० ने भागावे. उत्तर लिटरमध्ये येते. ६० × ३० × ३० ची टाकी ५४ लिटरची. पण तळाशी ४ सेंटिमीटर वाळू आणि वर ४ सेंटिमीटर जागा रिकामी असेल, तर पाण्याची उंची उरते २२ आणि पाणी सुमारे ४० लिटर. बाटलीवर १० लिटरला १ मिली लिहिले असेल तर ४ मिली पुरे. ५४ लिटर धरून ५.४ मिली टाकले, तर डोस एक तृतीयांशाहून अधिक वाढला!

चमचे लहान-मोठे असतात, थेंबही सारखे पडत नाहीत. बिनसुईची सिरिंज वापरावी. औषध मगभर पाण्यात कालवून हळूहळू सोडावे. फिल्टरमधला कोळसा आधी काढावा, तो औषध शोषून घेतो. हवेचा पंप चालू ठेवावा. मध्येच १० लिटर पाणी बदलले तर तेवढ्यापुरते १ मिलीच घालावे. कॅटफिश, लोच यांसारख्या माशांना काही औषधे सोसत नाहीत, म्हणून बाटलीवरची सूचना वाचावी.

ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नये. हे परजीवी माशाच्या अंगावरून गळून तळाशी वाढतात. त्यांची पिल्ले पाण्यात पोहू लागली की तेव्हाच औषध त्यांना मारते. म्हणून सांगितलेले दिवस पूर्ण करावेत.

मांजरीला कोंडून, उपाशी ठेवून मारणाऱ्या स्त्रीला अजाब झाल्याची हदीस आपण मुलांना सांगतो. टाकीतला मासाही आपल्याच कैदेत असतो, ती अल्लाहची अमानत आहे. हा गुणाकार सहावीच्या मुलाला सहज येतो. त्याच्याकडूनच करवून घ्यावा आणि टाकीवर लिटरचा आकडा लिहून चिकटवावा.