तेजोमेघांचें तेज

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हें गांव आहे. तेथें पौषांतल्या एका काळोख्या रात्रीं मीं मृग नक्षत्रांतील तेजोमेघ साध्या द्विनेत्री दुर्बिणींतून पाहिला. मधला भाग स्वच्छ दिसला. कडा मात्र भिवंडीकडून चढलेल्या दिव्यांच्या उजेडांत विरून गेल्या होत्या. एकाच मेघाचा एक भाग दिसावा व दुसरा लपावा, हें कां?

तारा हा बिंदु; तेजोमेघ पसरलेला. चमचाभर तूप एका पोळीवर वाढलें तर दिसतें. पन्नास पोळ्यांस फांसलें तर तें शोधावें लागतें. स्वरमंडळांतील कंकणाकृति मेघापेक्षां कुंभेंतील हेलिक्स मेघाचा एकंदर प्रकाश अधिक; परंतु तो शंभरपटींहून अधिक क्षेत्रावर वांटला गेल्यामुळें हेलिक्सच दिसण्यास कठीण. दुर्बीण मेघ मोठा करून दाखविते, पण त्याच्या पृष्ठाचें तेज नुसत्या डोळ्यास दिसतें त्याहून वाढवूं शकत नाहीं.

मृगांतला मेघ स्वयंप्रकाशी वायूचा आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेंत प्रो. कावसजी नायगमवाला यांनीं त्याच्या वर्णपटांतील मुख्य हिरव्या रेषेचें निरीक्षण करून तें १८९१ सालीं प्रसिद्ध केलें. सुटी, रेखीव रेषा ही विरळ वायूची खूण होय. (ही वेधशाळा १९१२ सालीं बंद झाली व तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली, पुणेकरांपैकीं कितीजणांस हें ठाऊक असेल?) मध्यावरील अत्युष्ण ताऱ्यांच्या किरणांनीं हायड्रोजनाचे अणु फुटतात आणि त्यांचे तुकडे पुनः जुळतांना प्रकाश देतात. जुळावयास दोघे लागतात. म्हणून वायु दुप्पट दाट झाला, कीं प्रकाश चौपट होतो. मध्य झगझगीत व कडा मंद, त्या यामुळें.

कृत्तिकांभोवतींचा मेघ निराळा. १९१२ सालीं स्लायफर यांस त्याचा वर्णपट जवळच्या ताऱ्यांसारखाच आढळला; म्हणजे तो धुळीवरून परतलेला उसना प्रकाश. ताऱ्यापासून दुप्पट दूर गेलेल्या धुळीवर चतुर्थांशच उजेड पडतो.

कंकणाकृति मेघांत तर मध्यच फिका! मरणोन्मुख ताऱ्यानें टाकलेलें तें वायूचें कवच आहे. साबणाच्या फुग्याप्रमाणें, कडेशीं आपली दृष्टि कवचांतून तिरपी, अधिक लांबवर जाते. तेथें अधिक वायु एकावर एक येतो व कड उजळ दिसते.

आतां शहराचा उजेड या सर्वांवर सारखाच पसरतो. मृगाचा गाभा आणि कंकणाची कड त्यांतूनही टिकतात. विरळ भाग बुडतात. कृत्तिकांचा धूसर पदर मला अंबाडीस मुळींच दिसला नाहीं. पुढील अमावास्येस वाड्याच्याही पलीकडे जाऊन पाहावयाचें आहे.