दंड नाही, धाक नाही, नुसता पिवळा पट्टा

पिंपळे गुरवच्या कुठल्याही जुन्या इमारतीचा जिना चढा. वळणाच्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, हमखास चौकोनी टाइल्स दिसतील : गणपती, साईबाबा, शेजारी मक्का-मदिना, त्याच्या शेजारी येशू. ‘येथे थुंकू नये, थुंकल्यास दंड’ ही पाटी वर्षानुवर्षे लाल होत राहिली, पण या टाइल्सवर पिचकारी मारायला हात, म्हणजे तोंड, धजत नाही. ही कल्पना पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात आली त्याने वर्तनशास्त्राचे एकही पुस्तक वाचले नसेल. त्याला माणूस कळला होता, एवढे मात्र नक्की.

या शहाणपणाला जगात ‘नज’ म्हणतात. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचे त्याच नावाचे पुस्तक २००८ साली आले आणि २०१७ मध्ये थेलर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अट साधी आहे. बंदी घालायची नाही, पैशाचे आमिषही दाखवायचे नाही. मांडणी अशी बदलायची की बरे ते आपोआप हातून घडावे. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर पुरुषांच्या मुतारीत माशीचे चित्र काढले आणि लोक नेम धरू लागले. फरशी कोरडी राहिली, सफाईवाल्यांचे काम हलके झाले.

पण सगळ्यात भारी उदाहरण आपल्या वडाळ्याचे. हार्बर मार्गावर रूळ ओलांडताना माणसे मरत होती. पूल होता, पाट्या होत्या, दंडही होता. २००९-१० मध्ये मुंबईच्या ‘फायनल माइल’ या संस्थेने मध्य रेल्वेबरोबर इथे प्रयोग केला. त्यांनी आधी विचारले, की येणारी गाडी दिसत असूनही माणूस रुळात पाऊल का टाकतो? उत्तर डोळ्यांत होते. मोठी वस्तू लांबून येताना आहे त्यापेक्षा सावकाश येते आहे असे वाटते. मग रुळांखालचे काही स्लीपर ठरावीक अंतराने पिवळे रंगवले. गाडी एकेक पिवळा पट्टा गिळत येते तेव्हा तिचा खरा वेग नजरेत भरतो. दुसरा बदल भोंग्याचा. एकच लांब भोंगा कानाला सवयीचा होतो, म्हणून मोटरमनला दोन तुटक भोंगे द्यायला सांगितले. तिसरा बदल फोटोचा : गाडीखाली सापडण्याच्या क्षणी भीतीने पांढराफटक पडलेला एक चेहरा, अगदी जवळून. मजकूर नाही, उपदेश नाही. त्या ठिकाणचे मृत्यू ठळकपणे घटले. रंगाचा डबा, भोंग्याची पद्धत आणि एक चित्र, एवढाच खर्च! असे काही वाचले की ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य मला फार आळशी वाटू लागते.

मुंबई पोलिसांच्या ‘पनिशिंग सिग्नल’चा व्हिडिओ २०२०च्या सुरुवातीला गाजला. चौकातल्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितका हॉर्न, तितकी वाट! याला हळुवार नज म्हणता येणार नाही, ही सरळ शिक्षाच झाली. पण शिकवण झकास : आपल्या बोटाचा त्रास मागच्या सगळ्या रांगेला.

हे सगळे नवे वाटत असेल तर चाकण-भोसरीला फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्या कोणालाही विचारा. वर्कशॉपच्या भिंतीवर शॅडो बोर्ड असतो. प्रत्येक पान्याची, प्रत्येक हातोडीची आकृती फळ्यावर रंगवलेली. अवजार जागेवर नसेल तर रिकामी आकृती लांबूनच दिसते, सुपरवायझरला ओरडावे लागत नाही. याच घराण्यातला ‘पोका-योके’. जपानचे शिगेओ शिंगो १९६१ साली एका कारखान्यात गेले होते. तिथे बटणाखाली दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार कधीकधी एखादी विसरत. शिंगोंनी कोणाला दम दिला नाही. काम सुरू करण्याआधी दोन स्प्रिंगा एका छोट्या ताटलीत काढून ठेवायच्या, एवढेच ठरवले. बटण बसले आणि ताटलीत स्प्रिंग उरली, की चूक तिथल्या तिथे हातात! आपल्या पट्ट्यातल्या हजारो कामगारांना हे रोजचे आहे. मग शिफ्ट सुटल्यावर रस्त्यावर, सोसायटीत, नदीवर तेच डोके का वापरू नये?

नदीवर ते वापरलेही जाते. पवनेच्या घाटांवर गणेशोत्सवात हौद आणि निर्माल्य कलश ठेवतात. नुसता कचऱ्याचा डबा ठेवला असता तर देवाची फुले त्यात टाकायला कोणाचे मन झाले नसते. कलशात ती सहज पडतात. हौदाचेही तसेच. घाटावर आरती होते, ‘पुढच्या वर्षी लवकर या’चा गजर होतो, मूर्ती तीनदा बुडवली जाते आणि मग कार्यकर्त्यांच्या हाती सोपवली जाते. विधी पूर्ण, नदी मोकळी. ‘विसर्जित मूर्ती दान करा’ ही हाक अंधश्रद्धा निर्मूलन समितीने कितीतरी आधीपासून दिली होती. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तर पीओपीची मूर्ती घरच्या बादलीत विरघळवायची सोय काढली. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती साधारण दोन दिवसांत विरघळते आणि उरलेले पाणी खत म्हणून झाडांना चालते. श्रद्धेला धक्का न लावता तिचा मार्ग वळवणे, यापेक्षा नाजूक काम दुसरे नाही.

स्पर्धा हीसुद्धा आपली जुनी युक्ती. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि शेजारच्या गावाने नंबर मारला म्हणून कितीतरी गावे झाडू घेऊन उठली. २०१६ ला पानी फाउंडेशनचा जलसंधारणाचा वॉटर कप आला. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते, पहिला नंबर कोरेगाव तालुक्यातल्या वेळूचा. तिसऱ्या वर्षी तालुके ७५ झाले.

आता पुन्हा घराजवळ. पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर हा स्मार्ट सिटीचा निवडलेला भाग, म्हणून इथे काही रस्त्यांना रुंद फुटपाथ आणि सायकल ट्रॅक मिळाले. गाड्यांची लेन अरुंद झाली की चालकाचा पाय आपसूक ब्रेककडे जातो, त्याला ‘वेग आवरा’ची पाटी लागत नाही. मात्र फुटपाथवर दुचाकी चढली की सगळे फुकट. चालणारा रस्त्यावर उतरतो आणि मांडणीचा अर्थच उलटतो. तिथे खांब रोवायलाच हवेत, निव्वळ नजने भागणार नाही.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२३ मध्ये मालमत्ता कराची बिले वाटायचे काम महिला बचत गटांकडे दिले, ‘सिद्धी’ नावाने. ३० जूनपर्यंत भरल्यास मिळणारी सूट हे पैशाचे आमिष झाले, काटेकोर अर्थाने तो नज नव्हे. पण आपल्याच भागातली ताई दारात उभी राहून बिल हातात देते तेव्हा ते ड्रॉवरच्या तळाशी जात नाही.

आणि सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी एक खास गोष्ट. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पुष्कळ पाहुणे तुकडे नेतात, त्यामुळे जंगलाची हानी होते’ अशा अर्थाच्या पाटीजवळ चोरी जास्त झाली! सगळेच नेतात, मग मीही नेतो. उलट ब्रिटनमध्ये कर थकवणाऱ्यांना ‘दहापैकी नऊ जण कर वेळेवर भरतात’ असे पत्रात लिहिले, तर भरणा वाढला. तेव्हा लिफ्टशेजारच्या फळ्यावरची थकबाकीदारांची यादी आज उतरवा. ४० पैकी ३४ घरांनी मेंटेनन्स भरला असेल तर तो ३४ चा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या घरांचाही तसाच लिहा, आणि दर सोमवारी बदला.